दोन्ही कोटेशनवर ‘२ टन’, मग फरक कुठे? इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टची स्पेसिफिकेशन शीट कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा: गोदामात १२०० × १००० मिमीचे पॅलेट आहेत, मालासकट जास्तीत जास्त १५०० किलोचे. रॅकचा सर्वांत वरचा बीम ४५०० मिमीवर. समोरासमोरच्या दोन रॅकांमध्ये ३६०० मिमी अंतर. दोन कोटेशन आली आहेत आणि दोन्हींवर २००० किलो, ४८ व्होल्ट असंच लिहिलंय. पहिली गाडी चारचाकी, लेड-अ‍ॅसिड ६२५ अँपिअर-तासांची. दुसरी तीनचाकी, लिथियम ४०० अँपिअर-तासांची. यातली कोणती घ्यावी, आणि शीटवरच्या बाकीच्या चाळीस-पन्नास आकड्यांचं करायचं काय?

त्या शीटवरचा एकही आकडा सुटा नसतो. प्रत्येकाला एक अट चिकटलेली असते आणि ती बहुधा शेजारच्या रकान्यात, एखाद्या चिन्हात किंवा तळटीपेत असते. दोन गाड्यांमधला खरा फरक त्या अटींमध्ये सापडतो, ‘२ टन’मध्ये नाही.

बरेच उत्पादक व्हीडीआय २१९८ या जर्मन नमुन्याप्रमाणे शीट छापतात. त्यामुळे ओळींचे क्रमांक सगळीकडे सारखे असतात: १.५ म्हणजे क्षमता, १.६ लोड सेंटर, १.८ फोर्कच्या (माल उचलणाऱ्या दोन पात्यांच्या) उभ्या तोंडापासून पुढच्या आसापर्यंतचं अंतर, ४.४ लिफ्टची उंची, ४.३४ गल्लीची रुंदी, ५.२ उचलण्याचा वेग, ६.४ बॅटरी. दोन्ही शीट शेजारी ठेवा आणि ओळ क्रमांक लावून वाचत जा. एखाद्या ओळीसमोर आकड्याऐवजी आडवी रेघ दिसली, तर तो आकडा विक्रेत्याकडून मागवून घ्या. जाहिरातीच्या पहिल्या पानावरची ठळक माहिती मात्र या कामाला उपयोगी नाही.

क्षमता: २००० किलो, पण कुठे धरलेले?

फोर्कलिफ्ट म्हणजे तराजू. पुढचा आस हा टेकू, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट (तोलासाठी मागे बसवलेलं वजन), बॅटरी आणि गाडीचं अंग. म्हणून वजनाइतकंच ते वजन टेकूपासून किती लांब आहे हेही महत्त्वाचं. लोड सेंटर म्हणजे फोर्कच्या उभ्या तोंडापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. १ टनापासून ५ टनांच्या आतल्या गाड्यांना ते ५०० मिमी धरतात, ५ ते १० टनांच्या गाड्यांना ६०० मिमी. तुमच्या पॅलेटची फोर्कच्या दिशेची खोली १००० मिमी असेल तर लोड सेंटर ५००, आणि १२०० मिमी असेल तर ६००. माल एकसारखा भरलेला असेल तरच, हेही लक्षात घ्या. पुढच्या टोकाला जड यंत्र आणि मागे रिकामी खोकी असतील तर पॅलेटचा मध्य आणि मालाचा मध्य एक राहत नाही.

इथे बहुतेक जण ५०० ला ६०० ने भागून २००० चे १६६७ किलो करतात. हे गणित सुरक्षित बाजूला चुकतं, पण चुकतंच, कारण टेकू फोर्कच्या तोंडाशी नसून त्याच्या मागे आसापाशी आहे. ओळ १.८ मधला ‘एक्स’ त्यात मिळवावा लागतो. चारचाकीचा एक्स ४१० मिमी धरला तर भाराचा मोमेंट (वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर) होतो २००० × (५०० + ४१०), म्हणजे १८,२०,००० किलो-मिमी. लोड सेंटर ६०० झाल्यावर १८,२०,००० ला १०१० ने भागा: १८०० किलो. उलट लोड सेंटर ४०० झाल्यावर २२०० किलो उचलता येतील असा हिशोब मात्र कधीच करायचा नाही. फोर्क, साखळ्या आणि हायड्रॉलिक हे सगळं २००० किलोसाठीच बनवलेलं असतं.

आता साइड शिफ्टर, म्हणजे फोर्क डावीकडे-उजवीकडे सरकवणारं जोडसाधन, लावा. रॅकमध्ये पॅलेट ठेवायचा तर तो लागतोच. त्याचं स्वतःचं वजन समजा ६० किलो, आणि तो मालाला ५५ मिमी पुढे ढकलतो. मोमेंटमधून साइड शिफ्टरचे सुमारे २६,४०० वजा केले आणि एक्स ४६५ धरला, तर ५०० लोड सेंटरला १८५९ आणि ६०० ला १६८४ किलो उरतात. म्हणजे २ टनी गाडी फोर्क जमिनीलगत असतानाच १.७ टनांवर आली.

जमिनीलगत असताना. उंचीवर हे सूत्र पुरत नाही. मास्ट (फोर्क ज्यावरून वर जातात तो उभा सांगाडा) वाकतो, त्याच्या रेल आणि रोलरमधली ढील वाढत जाते, गुरुत्वमध्य वर चढतो आणि आता पुढे कलंडण्याइतकाच बाजूला कलंडण्याचाही प्रश्न येतो. आयएसओ २२९१५ या मानकाप्रमाणे गाडी कलत्या फलाटावर तपासतात. ५ टनांखालच्या काउंटरबॅलन्स, म्हणजे अशा काउंटरवेटवर तोललेल्या, गाडीला पूर्ण उंचीवर माल धरून पुढच्या दिशेने ४ टक्के आणि बाजूला ६ टक्के कल सोसावा लागतो. ४ टक्के म्हणजे मीटरला ४ सेंटिमीटर! तुमच्या फरशीला पाणी जाण्यासाठी २ टक्के उतार दिलेला असेल, तर त्यातला अर्धा राखीव भाग उभं राहण्यातच संपला.

म्हणून ओळ १.५ वरून गाडी ठरवायची नाही. विक्रेत्याकडून उरलेल्या क्षमतेचा तक्ता मागा आणि प्रश्न असा लिहून विचारा (४५०० च्या बीमला ४७०० का, ते पुढे येईल): ‘या मास्टवर, साइड शिफ्टर बसवलेला असताना, ४७०० मिमी उंचीला, ५०० आणि ६०० लोड सेंटरला किती किलो?’ उत्तर १५०० पेक्षा जास्त असलं तर पुढे जा. फोनवरचं ‘आरामात उचलेल’ हे उत्तर धरू नका.

एक समजूत इथेच काढून टाकू. चारचाकी गाडी चार कोपऱ्यांवर उभी असते म्हणून ती तीनचाकीपेक्षा खूपच स्थिर, असं मानतात. चारचाकीचा मागचा आस मधोमध एका खिळ्यावर झुलता असतो, त्यामुळे तिचाही आधार सुरुवातीला त्रिकोणीच असतो: दोन पुढची चाकं आणि तो खिळा. आस टेकणीला लागल्यावर चारही चाकांचा आधार मिळतो, म्हणून खडबडीत जमिनीवर आणि वळणावर चारचाकी वरचढ ठरते. पण सपाट फरशीवर, सरळ उभं राहून माल चढवताना दोघींमधला फरक लोक समजतात तेवढा नसतो.

उंचीचे चार आकडे

एच१ म्हणजे मास्ट पूर्ण खाली असतानाची उंची, एच२ म्हणजे फ्री लिफ्ट, एच३ म्हणजे लिफ्ट, एच४ म्हणजे मास्ट पूर्ण वर गेल्यावरचं सर्वांत उंच टोक.

बीम ४५०० वर आहे म्हणून ४५०० चा मास्ट मागवला की गाडी पहिल्याच दिवशी अडते. पॅलेट बीमच्या वर उचलून आत न्यायचा असतो आणि फोर्क पॅलेटच्या पोकळीत असतात. बीमच्या वर किमान १५० ते २०० मिमी मोकळीक धरा: ४७०० मिमी. एच३ फोर्कच्या वरच्या पृष्ठापर्यंत मोजलाय की नुसता प्रवास दिलाय, हेही बघा. तेवढ्यात फोर्कच्या जाडीचा, म्हणजे ४० मिमीचा फरक पडतो.

४७०० साठी तीन टप्प्यांचा मास्ट येईल, ज्याला बाजारात ट्रिप्लेक्स म्हणतात. त्याचा एच१ साधारण २१०० ते २२०० मिमी असतो. दाराची उंची मोजताना एच१ सोबत ओळ ४.७, म्हणजे ऑपरेटरच्या डोक्यावरच्या गार्डची उंचीही बघा. काही गाड्यांत मास्ट दारातून जातो आणि गार्ड अडकतं.

एच४ कडे कुणी बघत नाही. ४७०० लिफ्टच्या गाडीचा मास्ट, लोड बॅकरेस्ट (फोर्कच्या मागची, माल टेकणारी जाळी) धरून, ५७०० ते ५९०० पर्यंत जातो. वर दिवे, स्प्रिंकलरचे पाइप, छताच्या कैच्या असतात. आणि मालाची उंची वेगळीच: ४७०० वर १५०० मिमीचा पॅलेट म्हणजे ६२००.

फ्री लिफ्ट म्हणजे मास्ट वर न सरकता फोर्क किती वर जातात ते. साध्या दोन टप्प्यांच्या मास्टला ती १०० ते १५० मिमीच असते. कंटेनरमध्ये शिरून माल एकावर एक चढवायचा असेल तर पूर्ण फ्री लिफ्टचाच मास्ट हवा. साध्या उंचीच्या कंटेनरच्या दाराची मोकळी उंची सुमारे २२८० मिमी आणि आतली सुमारे २३९०. २१५० चा मास्ट आत जातो खरा, पण फ्री लिफ्ट नसेल तर फोर्क कमरेएवढे वर जायच्या आतच मास्ट छताला भिडतो.

गल्ली: इथेच तुमचा निर्णय लागणार आहे

ओळ ४.३४ मध्ये ‘एएसटी’ म्हणून जो आकडा असतो तो गाडीला मालासकट काटकोनात वळायला लागणारी रुंदी. तो दोनदा छापलेला असतो: १००० × १२०० चा पॅलेट आडवा आणि ८०० × १२०० चा पॅलेट उभा. तुमच्याकडे पॅलेट कुठल्या बाजूने उचलला जातो त्यावर कुठला आकडा लागू होतो, की दोन्हींपैकी एकही नाही, हे ठरतं.

हिशोब स्वतः करता येतो. चारचाकीसाठी: वळणाची त्रिज्या डब्ल्यूए, अधिक एक्स, अधिक पॅलेटची खोली, अधिक २०० मिमी मोकळीक. पॅलेट फार रुंद असेल तर कोपऱ्याचा थोडा भाग यात वाढतो, तो सध्या सोडून देऊ. त्रिज्या १८८० धरली तर १८८० + ४१० + १००० + २०० = ३४९० मिमी. तीनचाकी पुढच्या दोन चाकांच्या मध्याभोवती गरकन फिरते, म्हणून तिच्यात पॅलेटचा कोपरा मोजावा लागतो: पॅलेटची खोली अधिक एक्स याचा वर्ग, पॅलेटच्या निम्म्या रुंदीचा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ. एक्स ३६० धरला तर १३६० चा वर्ग आणि ६०० चा वर्ग, वर्गमूळ १४८६. त्यात त्रिज्या १५०० आणि मोकळीक २०० मिळवली की ३१८६.

कागदावर दोन्ही ३६०० मध्ये बसतात. आता गोदामात या. तुमचे ३६०० हे रॅकच्या बीमपासून बीमपर्यंत मोजलेले आहेत का? पॅलेट १००० खोल आणि रॅकची फ्रेम ९०० असेल, तर प्रत्येक पॅलेट गल्लीत ५० मिमी बाहेर येतो. दोन्ही बाजूंचे मिळून १०० गेले, उरले ३५००. साइड शिफ्टरचे ५५ मिळवले की चारचाकी ३५४५ मागते. बसत नाही. तीनचाकीत एक्स ४१५ होतो, एएसटी सुमारे ३२४० होतो आणि जवळपास २६० मिमी शिल्लक राहतात. सूत्रातल्या २०० वर आणखी हे असे २००-३०० मिमी असले तरच ऑपरेटर दिवसभर रॅकचे खांब न ठोकता काम करू शकतो. पॅलेट १२०० खोलीने घेतला तर चारचाकी साइड शिफ्टरशिवायही ३६९० मागते, म्हणजे विषयच संपला.

रॅकच्या खांबांवर खालच्या फूट-दीड फुटात पोचे दिसत असतील, तर ऑपरेटरला दोष देण्याआधी हा हिशोब करून बघा.

तीनचाकी घेताना दोन गोष्टी तपासा. पुढे दोन स्वतंत्र ड्राइव्ह मोटर आहेत का. वळताना आतलं चाक उलटं फिरतं म्हणूनच ती त्रिज्या मिळते. आणि चाकं लहान असतात, म्हणून फरशीतले सांधे, नाल्यांवरच्या जाळ्या आणि डॉकच्या पट्ट्या तिला जास्त जाणवतात. गाडी रोज उघड्या, खडबडीत अंगणात जाणार असेल तर तीनचाकी नको.

फोर्कची लांबी इथेच ठरवून टाका. १००० खोल पॅलेटला ११५० चे फोर्क घेतले तर १५० मिमी टोक मागे बाहेर येतं आणि मागच्या पॅलेटमध्ये घुसतं. पाठीला पाठ लावलेल्या रॅकमध्ये फाटलेल्या गोण्यांचं हे नेहमीचं कारण.

बॅटरी: अँपिअर-तास वाचू नका, किलोवॉट-तास वाचा

६२५ आणि ४०० ही तुलना चुकीची आहे. व्होल्टने गुणा आणि वापरण्याजोगा भाग काढा. लेड-अ‍ॅसिड: २४ सेल, प्रत्येकी २ व्होल्ट, ४८ × ६२५ = ३० किलोवॉट-तास. त्यातले ८० टक्केच काढायचे, म्हणजे २४. लिथियम, फॉस्फेट प्रकारची: १६ सेल, प्रत्येकी ३.२, म्हणजे खरे व्होल्ट ५१.२. गुणिले ४०० = २०.५ किलोवॉट-तास. ९० टक्के वापरले तर १८.४. फरक आहेच, पण ६२५ विरुद्ध ४०० इतका नाही.

लेड-अ‍ॅसिडच्या अँपिअर-तासाला ‘के५’ किंवा ‘सी५’ ही अट लागते: पाच तासांत एकसारखी रिकामी केली तर. त्याच बॅटरीचा आकडा २० तासांच्या दराने छापला तर तो मोठा दिसतो. कोटेशनवर नुसतं ‘६२५’ असेल तर कुठल्या दराने, हे लिहून घ्या.

आता ओळ ६.६ बघा, व्हीडीआयच्या ठरावीक चाचणी-चक्राप्रमाणे तासाला किती ऊर्जा लागते. समजा ४.८ किलोवॉट-तास. लेड-अ‍ॅसिड पाच तास चालेल, लिथियम ३.८ तास. हे चक्र सतत धावपळीचं असतं. ८ तासांच्या शिफ्टमध्ये गाडी खरोखर हलते-उचलते ती बहुधा निम्मा वेळ. तुमची किती वेळ, ते अवरमीटरवर (गाडी किती तास चालली ते मोजणाऱ्या मीटरवर) बघा, पण तो मीटर चावी लावल्यापासून मोजतो की मोटर फिरल्यावरच, हे आधी माहीत करून घ्या.

एक शिफ्ट आणि रात्रभर मोकळा वेळ असेल तर लेड-अ‍ॅसिड पुरते. चार्जिंगला ८ ते १० तास, त्यानंतर थंड व्हायला वेळ. दोन शिफ्ट असतील तर लेड-अ‍ॅसिडला दुसरी बॅटरी आणि ती बदलायची सोय लागते. लिथियमला जेवणाच्या सुट्टीत लावता येतं. २०० अँपिअरच्या चार्जरवर अर्ध्या तासात १०० अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ५ किलोवॉट-तास जातात: तासभराचं काम. पण असा चार्जर वीजजोडणीतून साडेअकरा-बारा किलोवॉट ओढतो. थ्री-फेज सॉकेट आणि केबल त्या ताकदीची आहे का, हे गाडी येण्याआधी बघा. छोटा चार्जर स्वस्त म्हणून घेतला तर लिथियमचा मुख्य फायदाच गेला. लेड-अ‍ॅसिडलाही १०० अँपिअर-तासांमागे १६ ते २० अँपिअर सुरुवातीचा प्रवाह हवा, ६२५ ला १०० ते १२५ अँपिअर.

बॅटरी हे काउंटरवेटही आहे, ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. ४८ व्होल्ट ६२५ ची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साडेनऊशे किलोच्या आसपास भरते. २० किलोवॉट-तासांचा लिथियम पॅक एकटा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. उरलेली जागा लोखंडी वजनाने भरावीच लागते. समजा ६०० किलो कमी पडले आणि बॅटरीचा मध्य पुढच्या आसाच्या ६५० मिमी मागे आहे: ३,९०,००० किलो-मिमी गेले. भार आसापासून ८६० मिमीवर धरला तर जवळपास साडेचारशे किलो क्षमतेइतका. ही घट आधी सुरक्षिततेच्या राखीव भागातून खाल्ली जाते, म्हणून रिकाम्या गाडीत काहीच कळत नाही. उंचावर माल धरून ब्रेक मारल्यावर मागची चाकं हलकी होतात तेव्हा कळतं. नेमप्लेटवर बॅटरीचं किमान आणि कमाल वजन छापलेलं असतं. लिथियमच्या कोटेशनवर पॅकचं एकूण वजन त्या किमान आकड्याच्या वर आहे, असं लिहून घ्या. जुन्या गाडीत नंतर लिथियम बसवून देणाऱ्यांकडून तर नक्कीच.

लेड-अ‍ॅसिड बिघडते ती बहुधा तीन कारणांनी. ८० टक्क्यांच्या पुढे रिकामी करणं: पूर्ण चार्ज असताना आम्लाची घनता १.२८ ते १.२९ असते, १.१३-१.१४ ला आली की थांबायचं. डिस्चार्ज मीटर २० टक्क्यांवर लिफ्ट बंद करतो तो याचसाठी. तो चुकवायला वायर तोडू नका. दुसरं, चार्जिंगच्या आधी पाणी भरणं. चार्ज होताना पातळी वर येते आणि आम्ल उतू जातं, मग तळाशी ट्रे गंजतो आणि घनता कायमची घसरते. पाणी चार्जिंगनंतरच, तेही डिमिनरलाइज्ड; फक्त प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच आधी. तिसरं, दुपारी थोडं, संध्याकाळी थोडं असं तुकड्यातुकड्याने चार्ज करणं. लिथियमला ते चालतं, साध्या लेड-अ‍ॅसिडला नाही: ती तापते आणि प्लेटवर सल्फेट साचतो. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. झाकण उघडं आणि वारा खेळता हवा.

लिथियमची एक अट: ० अंशाखाली ती चार्ज करायची नाही, पॅकमध्ये हीटर असल्याशिवाय. शीतगृहात काम असेल तर हे पहिल्यांदा विचारा.

मोटर आणि वेग: एक सोपी उलटतपासणी

ओळ ६.२ मध्ये लिफ्ट मोटरसमोर ‘एस३ १५%’ असं लिहिलेलं असतं. १० मिनिटांतली दीड मिनिटं चालणार, साडेआठ मिनिटं थांबणार, या अटीवर तेवढे किलोवॉट. ०.३० मीटर प्रतिसेकंद वेगाने ४.५ मीटर उचलायला १५ सेकंद लागतात, म्हणजे १० मिनिटांत पूर्ण भाराच्या सहा फेऱ्या. ट्रक आला की तुमचा ऑपरेटर दहा-बारा करणार असेल तर मोटर आणि कंट्रोलर तापतील. कंट्रोलर स्वतःला वाचवायला प्रवाह कमी करतो, आणि ‘दुपारनंतर गाडी ढिली पडते’ ही तक्रार सुरू होते. भार १५०० चा असल्यामुळे तुम्हाला थोडी सूट मिळते, हे खरं. पण एका शीटवर १५ टक्के आणि दुसरीवर २५ टक्के असेल तर नुसत्या किलोवॉटची तुलना करू नका. कमी किलोवॉटची २५ टक्केवाली मोटर जास्त दणकट असू शकते.

आता वेग पडताळा. २००० किलो माल अधिक कॅरेज, फोर्क, आतला मास्ट असे साधारण ३०० किलो. २३०० × ९.८१ × ०.३० म्हणजे ६.८ किलोवॉट. पंप, व्हॉल्व्ह, घर्षण यात तीस टक्के जातात असं धरलं तर मोटरला ९.७ लागतात. शीटवर ०.३० आणि १० किलोवॉट दिसले तर हिशोब जुळतो. ८ किलोवॉटच्या मोटरसमोर भारासह ०.४५ छापलेलं असेल, तर नुसत्या उचलण्यालाच १०.२ किलोवॉट लागतात. एक तर तो वेग रिकाम्या गाडीचा आहे, किंवा क्षणभराचा.

ओळ ६.१ ची ड्राइव्ह मोटर ‘एस२ ६० मिनिटं’, म्हणजे सलग ६० मिनिटं चालवण्याच्या, अटीवर दिलेली असते. चालण्याचा वेग, १६ किमी की १४, याकडे या कामात दुर्लक्ष केलं तरी चालेल. साडेतीन मीटरच्या गल्लीत तो वेग कुणी गाठत नाही.

चढ असेल तरच ओळ ५.७, म्हणजे गाडी किती चढ चढू शकते ते, बघा. तिथला आकडा टक्क्यांत असतो, अंशांत नाही. १५ टक्के म्हणजे साडेआठ अंश. १२०० उंचीच्या डॉकला १२.५ टक्क्यांचा रॅम्प ९.६ मीटर लांब लागतो. भारासह ५ टनांची गाडी तिथे चढवायला सुमारे ७ किलोन्यूटन ओढ हवी. ती ३० मिनिटांच्या अटीवर मिळते की ५ मिनिटांच्या, यावरून दिवसात किती फेऱ्या होतील ते ठरतं. भरलेली गाडी चढताना-उतरताना माल नेहमी चढाच्या बाजूला.

फरशी

ओळ २.२, म्हणजे मालासकट प्रत्येक आसावर येणारं वजन, वाचल्याशिवाय गाडी मेझनाइनवर (मधल्या मजल्यावर) किंवा मालाच्या लिफ्टमध्ये नेऊ नका. समजा गाडी बॅटरीसह ३५०० किलो, त्यातले १९०० मागच्या आसावर, व्हीलबेस (दोन आसांमधलं अंतर) १४०० मिमी. २००० किलो पुढच्या आसाच्या ९०० मिमी पुढे आले की मागचे १२८६ किलो उचलले जातात. मागे ६१४ उरतात, पुढे ४८८६ येतात. दर पुढच्या चाकाखाली जवळजवळ अडीच टन, तेही सॉलिड टायरच्या तळहाताएवढ्या टेकणीवर. ‘मजला ५ टन झेलतो’ हे विधान पसरलेल्या भारासाठी असतं. बांधकामाच्या इंजिनिअरला चाकाखालचा आकडा द्या.

तर तुमच्यासाठी

गल्लीमुळे चारचाकी बाद होते, पॅलेट १००० खोलीने घेतला तरी. तीनचाकी घ्या, पण बॅटरीचा निर्णय त्याला बांधून घेऊ नका. तीच गाडी लेड-अ‍ॅसिडमध्येही मिळते का ते विचारा. एकच शिफ्ट असेल, पाणी-चार्जिंगची जबाबदारी एका माणसावर नेमता येत असेल तर लेड-अ‍ॅसिड पुरेल. दीड-दोन शिफ्ट असतील तर लिथियम, २०० अँपिअरच्या आसपासच्या चार्जरसकट, आणि पॅकच्या वजनाच्या लेखी खात्रीसह. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह मात्र आत्ताच चार सेक्शनचा सांगा. पहिले दोन उचलायला आणि मास्ट कलवायला जातात, साइड शिफ्टरला तिसरा लागतो. उद्या फोर्क पोझिशनर (दोन फोर्कमधलं अंतर बदलणारं साधन) लावायचा ठरला तर चौथा नंतर बसवणं त्रासाचं.

गाडी आली की सही करण्याआधी नेमप्लेट कोटेशनशी ताडून बघा: मास्टची उंची, साइड शिफ्टरचा उल्लेख, त्यासकटची क्षमता, बॅटरीचं किमान वजन. प्लेटवर साइड शिफ्टर नसेल तर ती प्लेट या गाडीची नाही, बदलून मागा. फोर्कची जाडी टाचेपाशी (फोर्क काटकोनात वळतो तिथे) व्हर्नियरने मोजून नोंदवून ठेवा, कारण पुढे दरवर्षीची तपासणी याच आकड्याशी होते. ४० मिमीचा फोर्क घासून ३६ झाला की तो बदलायचा. जाडी दहा टक्क्यांनी घटली तरी वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे ८१ टक्क्यांवर येते.